आत्याच्या मापाच्या काठ्या

आमची आत्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला लागली तेव्हा ती विशीत होती, आणि निवृत्त झाली तेव्हा तिथली मुख्य होती. तळघरातली ती लांबलचक खोली, गरगर फिरणारी मोठाली यंत्रं, वाफेने ओले झालेले काचेचे झरोके आणि त्या सगळ्याच्या मधोमध बाह्या कोपराच्या वर दुमडून उभी असलेली माझी बुटकी, भरलेल्या अंगाची आत्या. चादरीची दोन टोकं पकडून ती असा काही झटका द्यायची की चादर हवेत फटाक करून वाजायची आणि एकही चुणी न राहता खाली यायची. तिच्या हातांत ताकद होती. लहानपणी घरातली न उघडणारी बरणी असो की गच्च बसलेली खिडकी, आई म्हणायची, "राहू दे, वन्सं येतील आता."

अशा बाईला गोल्फचा नाद लागला, याचं लोकांना नवल वाटायचं. आम्हाला वाटत नसे, कारण तो नाद घरात आणला होता माझ्या बाबांनी.

बाबा गावाबाहेरच्या सार्वजनिक गोल्फ मैदानावर मेकॅनिक होते. गवत कापायची यंत्रं, पाण्याचे पंप, सामान वाहायच्या गाड्या, सगळं त्यांच्या हाताखाली. मैदान म्हणजे काही श्रीमंतांचा अड्डा नव्हे. नऊ होलचं, साधंसुधं, तिकीट काढून कोणीही जावं असं. गाव सोडून जाणाऱ्या एका म्हाताऱ्या खेळाडूने निघताना आपल्या काठ्यांची बॅग बाबांना देऊन टाकली. इंग्रजीत त्यांना क्लब म्हणतात, पण आमच्या घरी क्लब म्हणजे माणसं जमायची जागा, म्हणून त्या आमच्याकडे काठ्याच राहिल्या. मैदान आठवड्यातून एक दिवस देखभालीसाठी बंद असे. त्या दिवशी काम आटोपलं की बाबा खेळत. आत्याची सकाळची पाळी असली की तीही थेट तिकडे जाई. आधी नुसती बघायला, मग चेंडू शोधायला आणि मग एक दिवस बाबा म्हणाले, "बघत काय बसलीस? घे, मार."

तिने मारला. चेंडू कुठल्या कुठे गेला. दिशा सोडली तर सगळं बरोबर होतं, असं बाबा पुढे वर्षानुवर्षं सांगत.

आई मात्र कधी खेळली नाही. "एवढासा चेंडू, एवढंसं भोक आणि त्यासाठी एवढं मोठं मैदान! कोणी सांगितलंय?" असं तिचं म्हणणं. आई शाळेत चित्रकला शिकवायची. उंच, सडपातळ, नजरेने तीक्ष्ण. नवऱ्याच्या खांद्याला खांदा लागेल अशी उंची, त्यामुळे लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने तिला एक पायरी खाली उभं केलं होतं. आत्याने लग्न केलं नाही. ती आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहिली. नणंद-भावजयीचं पटायचं, पण दोघी एकमेकींना कायम "तुम्ही" म्हणत. फक्त कडाक्याचं भांडण झालं की "तू"वर यायच्या. तसं फार क्वचित होई.

बाबा यंत्रांच्या शेडमध्येच गेले. काम करता करता बसले आणि उठले नाहीत. त्यानंतर बरेच महिने ती बॅग जिन्याखालच्या कपाटात पडून होती. कोणी तिचं नाव काढलं नाही. मग एका रविवारी सकाळी आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आई ओट्यापाशी चहा गाळत होती.

"वहिनी, मी काठ्या घेऊन जरा मैदानावर जाऊ का?"

आईने गाळणं खाली ठेवलं. मग म्हणाली, "जा. पण एकट्या जाऊ नका. मी येते."

"तुम्ही येऊन काय करणार?"

"चालेन. चालायला तर कोणी नको म्हणणार नाही ना?"

तेव्हापासून दोघींचा रविवार ठरून गेला. बॅगेची दोन चाकांची गाडी आई ओढायची. थर्मासही तिच्याकडेच. आत्याने मारलेला चेंडू कुठल्या झुडपात शिरला हे आई अचूक सांगायची. "त्या वाकड्या झाडाच्या डावीकडे, पिवळ्या फुलांच्या मागे," म्हणे आणि तिथेच तो सापडे. चालता चालता शाळेतल्या भानगडी आणि हॉस्पिटलमधल्या भानगडी एकमेकींना सांगून व्हायच्या. खेळ हे निमित्त होतं असं मी म्हटलं असतं, पण आत्याला ते आवडलं नसतं. तिला खेळायचं होतं आणि चांगलं खेळायचं होतं.

अडचण एवढीच की तिचा चेंडू नेहमी डावीकडे जायचा. मग तिने त्यावर तोडगा काढला होता. पहिल्या होलवर भोकाच्या खुणेसाठी रोवलेल्या झेंड्याच्या बऱ्याच उजवीकडे पाण्याची टाकी दिसायची. आत्या त्या टाकीवर नेम धरायची आणि चेंडू वळून बरोबर झेंड्याकडे यायचा. दुसऱ्या होलला उजवीकडचा विजेचा खांब, तिसऱ्याला कुंपणाचं फाटक. प्रत्येक ठिकाणी तिची खूण ठरलेली. मैदानावरचे लोक तिला "टाकीवाल्या बाई" म्हणत. नवीन माणूस तिला उभी राहिलेली बघून घाबरून सांगायला धावायचा की अहो, झेंडा तिकडे आहे!

ती निवृत्त झाली त्या सुमारास तिचं मनगट दुखायला लागलं. आधी नुसतं मनगट, मग कोपर. चादरी झटकायच्या बंद झाल्या तरी दुखणं थांबेना. डॉक्टरांनी पट्टा दिला, मलम दिलं आणि आराम करा म्हणाले. आत्याने आठवडाभर आराम केला आणि रविवारी पुन्हा खेळायला गेली. सोमवारी आईने पाहिलं, तर आत्या चहाचा कप दोन्ही हातांनी उचलत होती.

"वन्सं, बरणी उघडता का जरा?" आईने मुद्दाम विचारलं.

"तुमच्या हाताला काय झालंय?" आत्या म्हणाली आणि पेपरात तोंड खुपसलं.

मैदानाच्या तिकीट खिडकीशेजारी एक पाटी लागलेली आईने पाहिली होती. तुमच्या अंगाच्या मापाने काठ्या बसवून मिळतील, भेटीची वेळ ठरवा, अशी. पुढच्या रविवारी मी घरी गेले होते तेव्हा जेवताना आईने विषय काढला.

"मी फिटरची वेळ घेतलीय. शनिवारी सकाळची."

"कशाला? नळ तर चांगला चाललाय," आत्या म्हणाली.

"नळाचा नाही हो. काठ्यांचा."

काठ्यांचा फिटर असतो हे ऐकून आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तो काय करतो, त्याचे पैसे किती आणि वर काठ्या कापून किंवा नव्या करून घ्यायचे किती, हे कळल्यावर तिचं हसू आटलं. "एवढ्यात बैठकीतला सोफा नवा येईल, वहिनी. आत्ताच्या सोफ्यात बसलेला माणूस बाहेर काढायला दुसरा माणूस लागतो. आणि मी काय स्पर्धांना चाललेय? चांगल्या खेळाडूंनी करायच्या गोष्टी या."

खरं सांगायचं तर मीही आत्याच्याच बाजूची होते. मी चार ठिकाणी वाचून पाहिलं होतं. कोणी म्हणे, शिकाऊ माणसाने आधी खेळ सुधारावा, मग माप घ्यावं. कोणी म्हणे, चुकीच्या मापाच्या काठीने खेळ सुधारणारच कसा? ज्यांनी पैसे घातले होते ते सगळे फायदा झाला म्हणत होते, आणि त्यात नवल नव्हतं. एवढे पैसे घालून फायदा झाला नाही असं कोण लिहील?

"सोफ्याचं नंतर बघू. हाताचं आधी," आई म्हणाली आणि विषय संपवला.

शनिवारी मी दोघींना गाडीतून घेऊन गेले. फिटरचं दुकान म्हणजे मैदानाच्या वाहनतळामागची एक लांब शेड होती. एका टोकाला जाडजूड जाळं टांगलेलं, समोर हिरवी सतरंजी, भिंतीला कामाचं टेबल, त्यावर मोठा शिकंजा आणि गोंदाच्या नळ्या. फिटर चाळिशीचा, टक्कल पडू लागलेला, हळू बोलणारा माणूस होता. त्याने आत्याला आधी बसवलं आणि किती वर्षं खेळता, काय दुखतं, कधी दुखतं ते विचारलं. मग टेप घेऊन मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. तिचा पंजा कागदावर ठेवून बोटांची लांबी घेतली.

"ब्लाउज शिवायला टाकतेय की काय मी," आत्या आमच्याकडे बघून पुटपुटली.

फिटरने बाबांच्या सात नंबरच्या काठीच्या डोक्याला खालून एक चिकटपट्टी लावली आणि आत्याला प्लास्टिकच्या फळीवर उभं करून चेंडू मारायला सांगितलं. तिने सवयीने नेम उजवीकडे धरला. जाळं दणाणलं. त्याने काठी उलटी करून दाखवली. पट्टीवरचा घासल्याचा डाग मध्यभागी असायला हवा होता, तो पार दांड्याकडच्या टोकाला होता.

"हे बघा. काठीच्या डोक्याचं पुढचं टोक वर उचललेलं राहतंय. उंच माणसाची काठी आहे ही. त्यामुळे तुमचा चेंडू डावीकडे जात असणार."

आत्याने आईकडे पाहिलं. आईने "बघा" अशा भुवया केल्या.

"आणि जड आहेत. कडक आहेत. प्रत्येक फटक्याचा हिसका थेट मनगटात येत असणार. लांबी मुठीकडून कापून कमी करता येईल." मग तो थांबला आणि काठीची मूठ निरखून पाहायला लागला. "पण एक कळत नाही. लांब काठी असली की माणूस मूठ थोडी खाली धरतो, ते ठीक. तुम्ही फारच खाली धरता. दोन्ही हात रबराच्या शेवटी येतात, एक बोट तर दांड्यावर जातं. इतकं खाली धरायची गरज नव्हती. असं का?"

"सवय," आत्या म्हणाली.

"वर धरून मारून बघा एकदा."

"नको."

"एकदाच. मला फरक बघायचाय."

"नको म्हटलं ना." तिचा आवाज एकदम चढला. फिटर बिचारा गांगरला.

त्याच्या हातातल्या काठीकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. मुठीचं रबर वरच्या बाजूला एका जागी झिजून खोलगट झालं होतं. गुळगुळीत, अंगठ्याच्या आकाराचा खळगा. खाली, जिथे आत्या धरायची, तिथे दुसरी झीज होती, लहान हाताची. दोन्हींच्या मध्ये रबर कोरं होतं.

"दादाचा अंगठा आहे तो," आत्या हळूच म्हणाली. "त्यावर हात ठेवला असता तर पुसला गेला असता."

इतकी वर्षं. दर रविवारी आई त्या काठ्यांची गाडी ओढत होती, पण खेळत नसल्यामुळे तिने काठी कधी हातात धरली नव्हती. ती पुढे आली. फिटरच्या हातातून काठी घेतली, त्या खळग्याकडे पाहिलं आणि मग जाळ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिची पाठ तेवढी आम्हाला दिसत होती.

फिटर समजूतदार होता. "मी चहा करून आणतो," म्हणाला आणि बाहेर गेला.

आई वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज मास्तरणीचा. "या काठ्या कापायच्या नाहीत."

"अहो, तुम्हीच तर कापायला आणलंत मला इथे!"

"आणलं. आता नाही म्हणतेय."

"मग माझ्या हाताचं काय? कापू द्या. मूठ तशीच ठेवून खालून कापता येत असेल."

"मूठ ठेवून खालून कापलं तरी ती काठी त्यांची राहील का? कापायची नाही म्हणजे नाही."

"वहिनी, दादा माझाही होता."

"मग तुझाच हात दुखत ठेवायचा का त्यांच्यासाठी? आवडलं असतं त्यांना? गाढवासारखं बोलू नकोस!"

"मी गाढव? आत्ता कापायला नको म्हणतेस ती तू, आणि हात दुखू नये म्हणतेस तीही तूच! आधी तुझं एक काय ते ठरव!"

"तू"वर आल्या होत्या दोघी. मी मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर दोघींनी एकदम "तू गप्प बस" म्हणून मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. कापायला आलेली बाई कापू देत नव्हती आणि कापायला नको म्हणणारी कापा म्हणत होती. एकमेकींसाठी भांडताना त्या आपापल्या बाजू विसरून गेल्या होत्या.

फिटर चहाचे कप घेऊन आला तेव्हा भांडण थकून थांबलं होतं. आई अजून काठी हातात घेऊन उभी होती, जमिनीवर टेकवून, सहज. फिटरने कप टेबलावर ठेवले आणि तो तिच्याकडे बघतच राहिला. काठीकडे, मग तिच्या हाताकडे, मग पुन्हा काठीकडे.

"बाई, तुम्ही जरा त्या फळीवर उभ्या राहता का?"

"मी? मी खेळत नाही."

"नुसत्या उभ्या राहा."

त्याने टेप लावली. मनगटापासून जमिनीपर्यंत. पंजा कागदावर. मग काठीचं डोकं फळीवर टेकवायला लावून खाली वाकून पाहिलं आणि हसला.

"तुमच्या मापाच्या आहेत या. थोड्या जड पडतील, पण लांबी आणि कोन जवळजवळ बरोबर. कापायच्या कशाला? या तुम्ही घ्या आणि यांना दुसऱ्या करू."

आईने "छे, छे, भलतंच काय" असं बरंच काही म्हटलं. पण आत्या चहा टाकून उठली होती. तिने आईच्या मागे जाऊन तिचे हात धरले आणि मुठीवर वर ठेवले. आईचा अंगठा त्या खळग्यात बरोबर बसला. मग आत्या बाजूला झाली आणि म्हणाली, "मारा, वहिनी."

पहिल्यांदा काठी हवेतून गेली. दुसऱ्यांदा सतरंजीचं एक टोक उडालं. तिसऱ्यांदा चेंडूला लागली आणि चेंडू जाळ्याच्या खांबावर आपटून आमच्याकडे असा उसळला की मी स्टुलासकट खाली बसले. आई घाबरून तोंडावर हात ठेवून उभी, आणि मग शेडमध्ये जो हशा पिकला तो आवरेना. फिटरसुद्धा टेबलाला टेकून हसत होता.

नव्या काठ्यांची किंमत ऐकून आत्याला पुन्हा बसावं लागलं. फिटरने तिला पूर्ण संच घ्यायचा आग्रह केला नाही. जेवढ्या खरोखर वापराल तेवढ्याच घ्या, म्हणाला. हलके दांडे, आखूड लांबी, जाड मऊ मूठ. तरी रक्कम व्हायची तेवढी झालीच. आत्याने पैसे मोजताना एक मोठा सुस्कारा सोडला आणि मला म्हणाली, "सोफ्यातून मला बाहेर काढायला तू येत जा आता."

काठ्या तयार होऊन आल्या त्या रविवारी मीही गेले. सकाळची गार हवा, गवतावर दव. आत्याने नवी काठी हातात धरली, दोनदा हलवून पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. "अगं, वजनच नाही हिला!" मग ती नेहमीसारखी उभी राहिली, टाकीवर नजर लावली आणि फटका मारला. फार सुंदर आवाज आला. चेंडू उंच गेला, बाणासारखा सरळ गेला आणि थेट टाकीकडे गेला.

दुसराही तिकडेच. दुसऱ्या होलवर खांबाकडे. तिसऱ्यावर फाटकाच्या पलीकडे, रस्त्यावर. इतकी वर्षं जी वाकडी वाट धरून ती झेंड्यापर्यंत पोचत होती, ती वाट आता वाकायलाच तयार नव्हती. नवव्या होलपर्यंत आत्या रडकुंडीला आली.

"पैसे पाण्यात गेले, वहिनी. अक्षरशः टाकीत गेले."

ती तडक शेडमध्ये गेली. फिटरने सगळं ऐकून घेतलं, तिला चार चेंडू मारायला लावले आणि म्हणाला, "काठ्या सरळ मारतायत. तुम्ही अजून वाकडं बघताय. ते माझ्याकडे बदलून मिळत नाही. नको असतील तर काठ्या मी परत घेतो, पण माझं ऐका, थंडी संपेपर्यंत ठेवा."

घरी येताना गाडीत, काठ्या परत देऊया, असं मी म्हटलं. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "मुळीच नाही. डोळ्यांना वळण लावायचं काम आहे हे. माझ्या वर्गात दरवर्षी चाळीस पोरं असतात अशी."

आणि तिने ते काम मनावर घेतलं. दर फटक्याला ती आत्याच्या मागे जाऊन उभी राहायची. "टाकी विसरा. डावा पाय मागे. अजून. आता झेंडा दिसतोय का?" आत्या करवादायची. "समोर झेंडा आहे हे कळतंय मला, पण पाय मानत नाहीत!" एकदा तर आईने आपली छत्री जमिनीवर आडवी ठेवून तिला तिच्याशेजारी पावलं जुळवायला लावली आणि मागून येणारे खेळाडू खोळंबले तरी ती हलली नाही. स्वतः आई आत्याच्या नंतर मारायची. तिचा चेंडू फार तर एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत जाई, पण ती प्रत्येक वेळी तो जातो कुठे हे असं टक लावून पाहायची, जणू पहिल्यांदाच बघतेय.

थंडी सरता सरता आत्याचे चेंडू झेंड्याच्या दिशेने पडायला लागले. मधूनच एखादा टाकीकडे जायचा, पण तो सवयीचा, काठीचा नव्हे. आणि त्याच्या कितीतरी आधी दुसरी एक गोष्ट झाली होती, ती कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. एका संध्याकाळी मी गेले, तर आत्या ओट्यापाशी उभी राहून मधाची गच्च बसलेली बरणी उघडत होती. टक्कन झाकण निघालं. तिने बरणी आईच्या हातात दिली आणि मग आपल्याच हाताकडे पाहत राहिली. "वहिनी, दुखलं नाही," ती म्हणाली.

बाबांच्या काठ्यांचं एक सांगायला हवं. आई त्या वापरायला लागली, तसा तो अंगठ्याचा खळगा बदलत गेला. आधी तिला ते सोसवेना. एका रविवारी ती काठी न मारताच खाली ठेवून म्हणाली, "वन्सं, माझ्या हाताने पुसतोय तो. तुम्ही इतकी वर्षं सांभाळला आणि मी..."

"झिजू द्या," आत्या म्हणाली. "मी नुसती राखण केली. तुमचा हात बसतोय तिथे."

पुढे ते रबर इतकं गुळगुळीत झालं की काठी हातातून निसटायला लागली. आई एकटीच फिटरकडे गेली आणि नवी मूठ बसवून आली. जुनी परत हवी का, असं त्याने विचारलं होतं म्हणे. आईने नको म्हटलं. आत्याला हे कळलं त्या दिवशी संध्याकाळी तिने आईच्या खोलीत जाऊन नवी मूठ हातात घेऊन पाहिली. "चांगली आहे. घट्ट आहे," म्हणाली. त्यावर दोघींमध्ये आणखी काही बोलणं झालं असेल तर ते मला माहीत नाही.

मध्यंतरी धुलाईघरातली आत्याची जुनी सहकारी घरी आली होती. तिच्या जावयाला गोल्फचं वेड लागलंय आणि तो मापाच्या काठ्या घ्यायच्या म्हणून मागे लागलाय, तर एवढा खर्च करावा का, असं तिने विचारलं. मीही कान टवकारले. आत्या असल्या बाबतीत गोड बोलत नाही.

"त्याची उंची किती?"

"असेल साधारण. सगळ्यांसारखी."

"हातपाय दुखतात?"

"छे, तगडा आहे चांगला."

"मग सध्या दुकानातल्या तयार काठ्या घेऊ दे आणि उरलेल्या पैशात कोणाकडून तरी खेळ शिकून घेऊ दे. फारच वाटलं तर माप तेवढं घेऊन यावं. एका फेरीला लागणाऱ्या फटक्यांचे माझे आकडे म्हणशील तर पहिल्या वर्षी वाढलेच, म्हणजे खेळ बिघडलाच, आणि आता जरासे कमी झालेत. त्या आकड्यांसाठी एवढे पैसे घातले असते तर मी रडत बसले असते."

"मग तू कशाला घेतल्यास?"

"माझं माप कोणाच्याच काठीत नव्हतं म्हणून," आत्या म्हणाली. "आणि मला अजून बरीच वर्षं खेळायचंय."

या वर्षी आत्या एकाहत्तरची झाली. आता दोघी नऊच्या नऊ होल खेळत नाहीत. गुडघे कुरकुरायला लागले की मधूनच परततात आणि तिकीट खिडकीजवळच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फटके बघत चहा पितात. गेल्या रविवारी दुपारी माझा फोन वाजला. आई होती. तिच्या आवाजावरूनच कळलं की काहीतरी झालंय.

"आज काय झालं सांगू? चौथ्या होलवर मी वन्संना हरवलं."

"काय सांगतेस!"

"खरंच. माझा चेंडू चौथ्या फटक्यात आत. त्यांचा पाचव्या. मी मोजले."

मागून आत्याचा आवाज आला, "तुमचा दगडावर आपटून आत गेला, ते सांगा ना तिला! आपटला नसता तर तळ्यात गेला असता!" मग फोनची ओढाओढ झाली, काहीतरी खाली पडलं, आणि आत्या फोनवर आली. "हे बघ, पुढच्या रविवारी तू ये. साक्षीदार म्हणून ये. तुझी आई मोजताना लबाडी करते की नाही, मला बघायचंच आहे."

"येते," मी म्हणाले.

"आणि येताना जाड मोजे आण दोन जोड. गवत ओलं असतं सकाळी, आणि हिचे पाय गार पडतात. सांगत नाही ती, पण पडतात."